ईनबाई, मला तुमचं सुतक नाही

ईनबाई,

तुम्हाला पोचवून माणसं परत आली आणि अंगणातच कुणाला किती दिवस पाळायचं याची चर्चा सुरू झाली. तुमच्या लेकाला गजाननरावांना, माझ्या लेकीला रूपालीला, तुमच्या दिरांना, पुतण्यांना. मी ओट्याच्या कडेला बसले होते. तुमच्या थोरल्या जाऊबाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "ईनबाईले काई नाई. त्यायचं कूळ येगळं. घरी जाऊन आंघोय केली का झालं."

त्या चुकीचं काही बोलल्या नाहीत. विहिणीला विहिणीचं सुतक नसतं, हे मलाही माहीत आहे. मी वरूडच्या स्टँडवरून बस धरली, अमरावतीला आले, डोक्यावरून पाणी घेतलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मेसमध्ये पोळ्या लाटायला उभी राहिले. क्लासची पोरं रांगेत येऊन बसली. वांग्याची भाजी होती. एक जण म्हणाला, काकू, आज भाजीत मीठच नाही. मी मिठाची बरणी त्याच्यापुढे ठेवली.

सुतक असतं तर मेस बंद ठेवता आली असती. लोकांनी येऊन समोर बसावं, दोन शब्द बोलावेत, मी तोंडाला पदर लावावा, असं काहीतरी झालं असतं. पण लेकीची सासू गेली म्हटल्यावर शेजारणीनं विचारलं ते एवढंच, "मग आता शेताचं कोण बघणार?" तिला वाटलं, मी रूपालीच्या काळजीत आहे. तुम्ही माझ्या कोण होतात ते सांगायला जावं तर आपल्या भाषेत त्याला विहीण एवढाच शब्द आहे, आणि त्याचा लौकिक तुम्हाला ठाऊकच आहे.

आपली पहिली भेट परातीतच झाली म्हणायची. रूपालीच्या लग्नात मुलीच्या आईनं विहिणीचे पाय धुवायचे होते. तुम्ही पाटावर बसलात, पाय पितळी परातीत ठेवलेत, आणि मी खाली वाकून तांब्यानं पाणी घातलं. मला राग आला होता. आयुष्यभर कुणापुढे वाकले नाही, नवरा गेल्यावर पोळ्या लाटून लेकीला शिकवलं, आणि आता या बाईचे पाय धुवायचे? तुम्ही तर वर पाहिलंसुद्धा नाहीत. ताठ मानेनं मांडवाच्या कापडाकडे बघत बसलात. मी पाय पुसले न पुसले करून उठले आणि मनात म्हटलं, बाई कठीण आहे.

त्यानंतरचं वर्ष आपण दोघींनी एकमेकींना नुसतं सांभाळून घेतलं. फोनवर 'तब्येत बरी ना' आणि 'पाऊस कसा आहे' याच्यापुढे बोलणं जायचं नाही. मग त्या हिवाळ्यात माझे गुडघे धरले. सकाळी पाटावरून उठताना कपाटाचा आधार घ्यावा लागायचा. रूपालीनं तुम्हाला सांगितलं असणार, कारण तुमचा फोन आला. "ईनबाई, झाडायले ताण देल्ला हाय. मी मोकयी हाय आता. गरमपाण्याले चालता काय?"

संत्र्याच्या बागेचं मला तेव्हा काही कळत नव्हतं. ताण म्हणजे काय, ते तुम्ही मला मोर्शीहून ऑटोनं जाताना समजावलंत. थंडीच्या दिवसांत झाडाचं पाणी तोडायचं. मोटर बंद. झाड तहानतं, पानं मलूल होतात, सुरळी धरतात, एखाद्याला वाटावं मेलंच. मग नेमक्या वेळी पाणी सोडायचं, की झाड घाबरल्यासारखं अंगभर फुलतं, आणि तोच आंबिया बहार. ओलिताच्या माणसाला वर्षभरात सवड मिळते ती तेवढीच. म्हणून तुम्ही दरवर्षी ताणाच्या दिवसांत गरमपाण्याला जायच्या, आणि मी तुमच्या जोडीला लागले ती कायमचीच.

सालबर्डीच्या वाटेवर डोंगराच्या पायथ्याशी तो झरा. त्याला नाव असेल काही, आपण गरमपाणीच म्हणायचो. बायकांच्या कुंडाभोवती छातीएवढी भिंत, वर पत्रा. सकाळच्या थंडीत पाण्यावर वाफ धरलेली आणि विझलेल्या आगकाडीचा असतो तसा वास. मी काठावरच थबकले. लुगडं भिजल्यावर तुमच्यासमोर उभं राहायचं या कल्पनेनंच मी अवघडून गेले होते. तुम्ही तोवर गळ्यापर्यंत पाण्यात. "काहून लाजून राहिल्या? इथं कोनी इवाई नाई, कोनी ईन नाई. दुखते कोठं, ते सांगा."

मी उतरले. गुडघ्यापर्यंत, मग कमरेपर्यंत. आई गं, असं म्हटलं मी मोठ्यानं, एवढं बरं वाटलं. तुम्ही हसलात. मग पायरीवर बसलात, पाण्यातून माझा पाय उचललात आणि सरळ आपल्या मांडीवर घेतलात. मी ओढून घेत होते, तुम्ही सोडला नाहीत. खरबरीत दगडानं माझ्या टाचा घासायला लागलात. भेगांमधला वर्षानुवर्षांचा काळा मळ निघाला. शेवटी पाय पाण्यात सोडला आणि म्हणालात, "त्या दिशी परातीतलं पाणी लय थंडं होतं, ईनबाई. तुमचे हातबी थंडे होते. मले वर पाहाची हिंमत नाई झाली. माह्या मायनं माह्या सासूचे पाय धुतले होते तवा सासूनं नावं ठेवली होती तिले. मी म्हणलं, मी पाहीन त तुमाले वाटीन, नावं ठेवाले पाहून राहिली."

मी तुम्हाला कठीण समजत होते आणि तुम्ही नुसत्या घाबरलेल्या होतात. मी तुमच्या पाठीला साबण लावायला घेतला. तेव्हापासून तुम्ही माझ्या ईनबाई.

आपल्या भांडणाचं मूळही त्याच दिवशीचं. भाकरी-झुणका खाऊन, दोन संत्री सोलून झाल्यावर तुम्ही अचानक म्हणालात, "झाडं तिकडं तहानेनं वायून राहिले आन् आपुन इथं डुंबून राहिलो. त्यायचा वाटा नेला पायजे." मेसमधून मी तेलाची धुतलेली पाच लिटरची कॅन आणली होती, घरी गुडघे शेकायला पाणी न्यावं म्हणून. ती तुम्ही घेतलीत, भरलीत, आणि ताण तोडायच्या, म्हणजे पहिलं पाणी सोडायच्या दिवशी बांधावरच्या जुन्या झाडाच्या आळ्यात ओतलीत. मग मोटर लावलीत.

मला हे कळलं तेव्हा मी फोनवरच तुम्हाला झापलं. अहो, हे पाणी खारं आहे! माझ्या मेसमध्ये बोअरच्या पाण्यानं भगुण्याला क्षाराचं पांढरं खापर चढतं, ते मी चिंच घेऊन घासते. हे तर त्याच्या वरताण. तहानलेल्या झाडाच्या मुळांना असलं पाणी? जळेल ना ते! तुम्ही म्हणालात, "मानसाचे सांधे मोकये होते त झाडाचे काहून नाई होनार?" मी म्हटलं, झाडाला सांधे नसतात. तुम्ही म्हणालात, "मंग फांदी कोठून फुटते?"

दरवर्षी हेच. मोर्शीच्या स्टँडवर मी अमरावतीच्या बसमधून उतरायची, तुम्ही वरूडच्या, आणि राम राम व्हायच्या आधी तुमची नजर माझ्या पिशवीकडे. कॅन आणली ना? मी म्हणायची, आणली, पण झाडाला घालायला नाही. ऑटोवाला मागे वळून बघायचा, म्हाताऱ्या भांडतात की काय. परतीच्या वाटेवर कॅन तुमच्या मांडीवर. मला कधी उचलू दिली नाहीत. "राहू द्या, तुमचे गुडघे आत्ताच सुटले." कुंडातून बाहेर आलो की तुम्ही मला जैतूनबीकडे पिटाळायच्या. झऱ्याच्या तोंडाशी तिची चहाची टपरी. "तुमी चहा सांगा, मी कॅन भरून आनतो." मी ओले केस सोडून बाकावर बसायची आणि जैतूनबी आल्याचा तुकडा ठेचत म्हणायची, "झालं का भांडन? का अजून बाकी हाय?"

झाड काही जळलं नाही, हे मात्र मला मान्य करावं लागायचं. उलट एका वर्षी असा बहार आला की तुमचे दीर म्हणाले, वहिनीच्या पाण्याचा गुण. पुढच्या वर्षी तुम्ही झाडाला हळदकुंकू वाहिलंत. त्याच्या पुढच्या वर्षी नारळ फोडलात. मग भाऊबंदांच्या बायका यायला लागल्या, खणानारळाची ओटी आली, 'आईचं पाणी' असं त्याला नावच पडलं. मी म्हणायची, तुम्ही एका कॅनचा सण करून ठेवलात. तुम्ही म्हणायच्या, करू द्या न, बाया तेवढ्याच मोकळ्या होतात.

त्या सणानं पुढे काय करून ठेवलं ते सांगते, पण आधी दुसरं एक सांगायचं आहे. ते मी तुम्हाला कधी नीट म्हटलं नाही.

रूपालीचं बाळ पोटातच गेलं, त्या वर्षी मी तिला न्यायला आले होते. मी ठरवूनच आले होते. लेक माझी, दुःख तिचं, ती माझ्याकडे राहील. तुमच्या घरातल्या बायका कुजबुजत होत्या, आत्ता नेली तर परत कधी येईल, लोक काय म्हणतील. मी बॅग भरत होते. तुम्ही दारात आलात. "तुमची लेक हाय, न्या. पन आधी तिले गरमपाण्याले नेऊ. मंग न्या."

डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर आपण तिघी गेलो. रूपाली कुणाशी बोलत नव्हती. पाण्यात तुम्ही तिला पाठीमागून धरलंत, लहान पोरीला पोहायला शिकवताना धरतात तसं, आणि तिचं डोकं आपल्या खांद्यावर टेकवलंत. बऱ्याच वेळानं तुम्ही तिच्याकडे न बघताच म्हणालात, "माहं पह्यलं असंच गेलं होतं. गजूच्या आधी. मले कोनं कोठं नेलं नाई. तिसऱ्या दिशी वावरात निंदाले गेली होती." तेव्हा रूपाली रडली, पहिल्यांदाच. तो आवाज मी आई असून मला काढता आला नव्हता.

मोर्शीच्या स्टँडवर दोन्ही बस लागल्या होत्या. तुम्ही तिला म्हणालात, "पोरी, तुले जिकडं वाटते तिकडच्या बसमंधी बस." ती माझ्या बसमध्ये बसली. तुम्ही खिडकीशी येऊन तिच्या हातात एक संत्रं दिलंत. मी खाली उतरून तुम्हाला बाजूला घेतलं आणि विचारलं, वाईट नाही ना वाटलं तुम्हाला? तुम्ही म्हणालात ते मला जसंच्या तसं आठवतं. "ताण देनं सोपं हाय, ईनबाई. तोडाव कवा, थे कयलं पायजे. पोरीले लय ताण झाला. आता पाणी पायजे, मंग कोनाच्या हातचं का असेना."

आंब्याच्या दिवसांत ती आपणहून परत गेली. बॅग तिनंच भरली. तुम्ही तिला एकदाही 'कधी येतेस' म्हणून विचारलं नव्हतं, ते तिनं मला सांगितलं. माझी लेक तुमच्या घरात टिकली ती तुम्ही तिला जाऊ दिलंत म्हणून. हे मी तुमच्या तोंडावर सांगायला हवं होतं, पण आपण भेटलो की कॅनवरच सुरू व्हायचो.

या वर्षी जायचं राहिलं. फोन तुमचाच आला होता. झाडांना ताण बसलाय, थोडी थंडी उतरू द्या, मग जाऊ. मी कॅन धुऊन उन्हात उपडी घालून ठेवली होती. मग रूपालीचा फोन आला, आणि तो तुमच्याबद्दल होता.

आता सणाचं सांगते. तुम्ही गेलात ते ऐन ताणात. झाडांना पाणी सोडायची वेळ येऊन ठेपली आणि घर सुतकात. काल रूपालीनं पुन्हा फोन केला. आवाज दबका. "आई, झाडं बघवत नाहीत. पानं सकाळीसुद्धा उघडत नाहीत. बांधावरच्या झाडाची तर गळायला लागली." मी म्हटलं, मग मोटर लावा ना, थांबलाय कशासाठी? तिनं फोन गजाननरावांकडे दिला.

"मामी," ते म्हणाले, "नुसती मोटर लावाले कोनी नाई म्हनत नाई. पन आईचं पाणी घातल्याबिगर पह्यलं पाणी कसं सोडाव? आन् थे पूजेचं काम. सुतकात कसं कराव? काका म्हन्ते, तेरवी होऊ द्या." मग म्हणाले, "तवरक झाडं राह्यतीन का नाई, मले नाई मालूम. आईले इचारलं असतं."

ईनबाई, मला हसू आणि रडू एकदमच आलं. पाणी सोडणं ते काय, बटण दाबायचं काम. त्याला हळदकुंकू लावून, नारळ फोडून तुम्ही ते शुभकार्य करून ठेवलंत, आणि आता तुमच्याच मरणानं तुमचीच झाडं अडवून धरली. तुम्ही असत्या तर जाऊबाईंना दोन शब्द सुनावून मोटर लावली असतीत. पण तुम्ही नव्हतात, आणि तुमच्या लेकाला 'आईच्या पाण्या'आधी मोटर लाववत नव्हती. त्याला मी काय सांगणार, की हे सगळं माझ्या तेलाच्या कॅनपासून सुरू झालं?

आणि एकदम मला जाऊबाईंचं वाक्य आठवलं. ईनबाईले काई नाई.

"गजाननराव," मी म्हटलं, "मला सुतक नाही."

तिकडून रूपालीच्या रडण्याचा आवाज आला, आणि मला कळलं की माझं बोलणं त्यांना समजलं आहे.

आज मेसला सुट्टी दिली. दारावरच्या पाटीवर काय लिहावं सुचेना. खडू हातात धरून उभी राहिले. शेवटी 'घरगुती कारणामुळे' असं लिहिलं. ते मला बरोबर वाटलं.

मोर्शीच्या स्टँडवर उतरले आणि सवयीनं वरूडच्या बसकडे तोंड करून थांबले. बस आली, माणसं उतरली, पुढे निघून गेली. एका ऑटोवाल्यानं विचारलं, "मावशी, एकट्याच का?" मी मान हलवली आणि बसले. वाटेत कुणाशी भांडायचं नव्हतं, त्यामुळे रस्ता लांब वाटला. तो रस्ता एवढा खराब आहे हे मला आजपर्यंत कळलंच नव्हतं.

मला तुमचं सुतक नाही. पण तेवढ्या वाटेपुरतं मी ते धरलं, ईनबाई. कुणाला विचारलं नाही. ऑटोवाल्यानं पाणी पुढे केलं ते घेतलं नाही, कपाळाची टिकली काढून पिशवीत टाकली. कुंडात उतरले, तुम्ही बसायच्या त्या पायरीवर बसले आणि डोक्यावरून पाणी घेतलं. एक तांब्या, मग आणखी एक. मोठ्यानं रडले. भिंतीपलीकडे दोन बायका होत्या, त्या बोलायच्या थांबल्या. थांबू देत. बाहेर आले तेव्हा माझं सुतक फिटलं होतं. माझ्यापुरतं तरी फिटलं.

कॅन भरायला निघाले तर जैतूनबी टपरीतून उठून आली. "बडी ताई किधर हाय?" तिला कुणी सांगितलंच नव्हतं. मी सांगितलं. ती मटकन बाकावर बसली, ओढणी डोक्यावर घेतली, डोळे मिटून काहीतरी पुटपुटली. मग तिनं न विचारता चहा टाकला. आलं ठेचलं. आज तिनं भांडणाचं विचारलं नाही. मी चहा घेतला आणि कुंडाच्या नळीकडे कॅन घेऊन वाकले, तशी ती म्हणाली, "ताई, तिथून नाई. त्या त तिकडून भरत होत्या."

तिनं उंबराच्या झाडाखाली बोट दाखवलं. तिथे थंड पाण्याचा झिरा आहे. आपण त्याचं पाणी जेवताना प्यायचो.

"कॅन?" मी विचारलं. "झाडाची कॅन?"

"पह्यल्या साली गरमची भरली होती. मंग कधीच नाई." जैतूनबी माझ्याकडे बघेना. "मले कसम घातली होती, ईनबाईले बोलू नोको म्हणून. म्हणे, बात त्यायचीच बराबर हाय, खारं पाणी झाडाले चालत नाई. पन हे कबूल केलं त मंग रस्ताभर दोघीनं बोलाव काय?"

मी रिकामी कॅन घेऊन तिथेच बसले.

म्हणजे पहिल्याच वर्षी तुम्हाला पटलं होतं. मी फोनवर झापलं त्याच दिवशी. आणि त्यानंतर इतक्या हिवाळ्यांत तुम्ही मला जैतूनबीकडे पिटाळून, लपून, थंड पाणी भरत राहिलात. कॅन उचलू दिली नाहीत ती माझ्या गुडघ्यांसाठी नव्हे, ती हाताला गार लागली असती म्हणून. आणि वर 'फांदी कोठून फुटते' म्हणून माझ्याशी तोंड वर करून वाद घालत राहिलात! केवढी लबाड बाई तुम्ही! माझ्या डोळ्यांदेखत मला जिंकवत होतात आणि मला पत्ता लागू देत नव्हतात. मी मात्र दरवेळी घरी जाऊन स्वतःशी म्हणायची, काही ऐकून घेत नाही ही बाई.

आणि तुम्हाला एक माहीत नाही. इकडे माझंही मत कधीच बदललं होतं. ज्या वर्षी तुम्ही रूपालीला पाण्यात धरलंत, त्या वर्षी. त्या पाण्यानं काहीतरी सुटतं, हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. खापर धरणारं असलं तरी सुटतं. पुढच्या वर्षी स्टँडवर तुम्ही कॅनचा विषय काढलात तेव्हा मला म्हणायचं होतं, घाला बाई, मलाही आता वाटतं. पण तुमचा चेहरा भांडायला असा खुलला होता की मी नेहमीचंच बोलले.

एकमेकींचं ऐकून दोघी केव्हाच पलीकडच्या बाजूला गेलो होतो, आणि वाद मात्र तसाच चालू ठेवला होता.

उंबराखाली गेले नाही, ईनबाई. कॅन नळीखाली धरली आणि गरम पाणी भरलं. जैतूनबी म्हणाली, "ताई, अजून एक चहा घ्या, बस याले टाइम हाय." चहाचे पैसे तिनं घेतले नाहीत.

वरूडच्या बसमध्ये कॅन मांडीवर ठेवली. पातळातून ऊब लागत होती. बऱ्याच वेळानं ती कोमट झाली.

बागेत पोचले तेव्हा ऊन कलतं झालं होतं. गजाननराव आणि रूपाली बांधापलीकडे उभे होते, झाडाला शिवायचं नाही म्हणून लांब. तुमच्या जाऊबाईही आल्या होत्या. मी त्यांना म्हटलं, "माझं कूळ वेगळं, तुम्हीच सांगितलंत." त्या आळ्याकडे बघत म्हणाल्या, "आयं पह्यले मोकयं करा, मंग घाला." मी खुरपं घेतलं आणि बांधावरच्या झाडाचं आळं मोकळं केलं. झाडाकडे पाहवत नव्हतं. पानं सुरळी होऊन लोंबत होती आणि हात लावला की खाली पडत होती. हळदकुंकू नाही, नारळ नाही, मी नुसतं पाणी ओतलं. माती इतकी तहानलेली होती की फसफसली आणि एका दमात सगळं प्यायली. मी गजाननरावांना हाक मारली, "लावा मोटर." त्यांनी एकदा आपल्या काकूकडे पाहिलं आणि बटण दाबलं. नळ्यांमधून पाणी सरकत आलं. रूपाली पाठमोरी होऊन रडत होती. मी तिच्याजवळ गेले नाही, तिला रडू दिलं.

आता रूपालीच्या ओसरीवर बसून हे लिहिते आहे. जेवण मी वेगळं केलं, कारण मला सुतक नाही.

मी तुमच्या झाडाला खारं, गरम झऱ्याचं पाणी घातलंय. मीच. तुम्ही लपून माझ्या बाजूला आलात, म्हणून कुणीतरी तुमच्या बाजूला उभं राहायला हवं होतं. आता बघू. झाड गळून गेलं तर माझं खापराचं बोलणं खरं ठरेल. आणि फुललं तर इतकी वर्षं तुम्ही तोंडानं बोलत होतात ते खरं. मी एवढी भांडकुदळ बाई, कधी कुणापुढे हार मानली नाही. पण उद्यापासून रोज सकाळी लेकीला फोन करून विचारणार आहे, फूट दिसते का. मला हरायचंय, ईनबाई.